कार्ड पाच लाखांचं, पण तापाला डॉक्टर कोण?

भोर आणि वेल्हे तालुक्यांतल्या वस्त्यांमधून या पानाकडे एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत येत असतो. आयुष्मान कार्ड चालतं असा डॉक्टर भोरमध्ये कुठं बसतो? आमच्या आईला बी.पी. आहे, शुगर आहे, दर महिन्याला दाखवावं लागतं, फुले योजनेतला फॅमिली डॉक्टर सुचवा. कार्ड काढून वर्ष झालं, डॉक्टर म्हणतात इथं चालत नाही, तक्रार कुठं करायची?

उत्तर आधीच देऊन टाकतो, म्हणजे कुणाचा एस.टी.चा खर्च आणि दिवसाची मजुरी वाया जायला नको. असा डॉक्टर नाही. भोरच्या बाजारपेठेत नाही, नसरापूरला नाही, वेल्ह्यात नाही आणि पुण्यातही नाही. जो डॉक्टर 'इथं चालत नाही' म्हणाला तो खोटं बोलला नाही. हे कार्ड दवाखान्याचं नाहीच, ते भरती होण्याचं कार्ड आहे. ही गोष्ट कार्ड वाटताना कुणी नीट सांगितली नाही, म्हणून आपली माणसं ते कार्ड घेऊन दारोदार फिरतात.

योजनेचा इतिहास थोडक्यात असा. २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना आठ जिल्ह्यांत सुरू झाली. २०१३ च्या नोव्हेंबरात ती सगळ्या राज्यात आली आणि २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिराव फुल्यांचं नाव मिळालं. २०१८ मध्ये केंद्राची प्रधानमंत्री जन आरोग्य योजना, म्हणजे आयुष्मान भारत, आली. २०२० पासून दोन्ही एकत्र चालतात. आधी कुटुंबाला वर्षाला दीड लाखाचं संरक्षण होतं, ते आता पाच लाखांचं झालं आहे. पिवळं, केशरी, पांढरं असा रेशनकार्डाचा भेदही आता राहिलेला नाही. ही मोठी गोष्ट आहे, तिला आम्ही कमी लेखत नाही. बायपास, अँजिओप्लास्टी, डायलिसिस, कॅन्सरचे उपचार या कार्डावर झालेली घरं आपल्या वस्त्यांत आहेत, आणि कार्ड नसतं तर त्यांना सावकाराचं दार गाठावं लागलं असतं.

पण योजनेची रचना नीट पाहा. ठरलेल्या उपचारांची एक यादी आहे, आणि त्या उपचारांसाठी अंगीकृत रुग्णालयात दाखल झालात तर सरकार रुग्णालयाला पैसे देतं. दाखल व्हायच्या आधीच्या काही तपासण्या आणि घरी सोडल्यानंतर थोड्या दिवसांची औषधं त्यात धरलेली असतात. एवढंच. ताप, खोकला, जुलाब, अंगावर पुरळ, कंबरदुखी, महिन्याची बी.पी.ची गोळी, शुगरची तपासणी यातलं काहीही त्यात नाही. म्हणजे ज्या कामासाठी माणूस फॅमिली डॉक्टरकडे जातो, नेमकं तेच काम या विम्याच्या बाहेर आहे.

याचा अर्थ काय होतो ते कडू आहे, पण बोललं पाहिजे. वस्तीतल्या एखाद्या माणसाला चाळिशीत शुगर निघते. गोळ्या रोज घ्यायच्या, तीन महिन्यांनी तपासायचं. खासगीत फी, गोळ्या, रक्ततपासणी, वर कामाचा खाडा. दोन-तीन महिने तो करतो, मग बरं वाटतंय म्हणून सोडतो. दहा वर्षांनी किडनी जाते. मग मात्र कार्ड चालतं. डायलिसिस फुकट. म्हणजे किडनी वाचवायला मदत हवी होती तेव्हा विमा नव्हता आणि किडनी गेल्यावर तो आला. बी.पी. आणि शुगर ही किडनी निकामी होण्याची सर्वांत मोठी कारणं आहेत, हे कुठलाही डॉक्टर सांगेल. आमचं स्पष्ट मत आहे की जी योजना गोळीला पैसे देत नाही आणि ऑपरेशनला देते, ती रुग्णालयांच्या सोयीनं आखलेली आहे, रुग्णाच्या नाही.

आकडाही हेच सांगतो. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांप्रमाणे २०२१-२२ मध्ये देशातल्या एकूण आरोग्यखर्चातला ३९.४ टक्के खर्च लोकांनी स्वतःच्या खिशातून केला. आयुष्मान भारत सुरू होऊन तेव्हा तीन वर्षं होऊन गेली होती. हा खिशातला पैसा बराचसा ओपीडीवर आणि मेडिकलच्या दुकानात जातो, म्हणजे कार्ड जिथं पोचत नाही तिथं.

मग कुणी म्हणेल, फॅमिली डॉक्टर हवाच कशाला? सरकारी आहे की. हा प्रश्न वरवरचा आहे. आपल्या माणसांना फॅमिली डॉक्टर हवा असतो तो केवळ गोळीसाठी नाही. नाव घेऊन हाक मारणारा, हात लावून तपासणारा, मागच्या वेळी काय दिलं होतं ते आठवणारा, आणि 'तुम्ही लोक' असं न म्हणणारा डॉक्टर हवा असतो. या गरजेमागे मोठा इतिहास आहे. बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या लिखाणात काठेवाडातल्या एका अस्पृश्य शिक्षकाची हकीगत दिली आहे. त्याची बायको बाळंतपणानंतर आजारी पडली. डॉक्टर वस्तीत यायला तयार नव्हता. शेवटी तिला बाहेर आणून ठेवलं तेव्हा तो आला, पण थर्मामीटर त्यानं स्वतः लावलं नाही. ते एका मुसलमान माणसाच्या हातात दिलं, त्यानं नवऱ्याला, नवऱ्यानं बायकोला. ती बाई वाचली नाही. डॉक्टर गावात होता, फीही घेतली गेली, फक्त हात लागला नाही. आज थर्मामीटर असं फिरत नाही. पण केसपेपरवरचं आडनाव वाचून बदलणारा आवाज आपल्यातल्या अनेकांनी ऐकला आहे, आणि एकदा तो ऐकला की माणूस त्या दारात पुन्हा जात नाही, मग तिथं औषध फुकट असलं तरी.

दुसऱ्या बाजूलाही एक नाव आहे, आणि योजनेला ज्यांचं नाव आहे त्यांच्याच घरातलं. १८९७ च्या प्लेगमध्ये जोतिबा आणि सावित्रीबाईंचा मुलगा डॉ. यशवंत यानं पुण्याबाहेर माळावर दवाखाना चालवला. रुग्णांना तिथं आणता आणता सावित्रीबाईंनाच प्लेग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. त्या दवाखान्यात येणाऱ्याची जात विचारली जात नव्हती. फुल्यांच्या नावाच्या योजनेत ओपीडी नाही, हे म्हणूनच आम्हाला जरा जास्त टोचतं.

असो. आता आपल्या दोन तालुक्यांकडे येऊ. भोरला उपजिल्हा रुग्णालय आहे, वेल्ह्याला (सरकारी कागदावर आता राजगड तालुका) ग्रामीण रुग्णालय आहे. नसरापूर, आंबवडे, भोंगवली, पानशेत, करंजावणे, पासली इथं प्राथमिक आरोग्य केंद्रं आहेत आणि त्यांच्या हाताखाली उपकेंद्रं. डोंगरी भागासाठी सरकारचाच निकष वीस हजार लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र आणि तीन हजारांमागे एक उपकेंद्र असा आहे. बऱ्याच उपकेंद्रांवर आता 'आयुष्मान आरोग्य मंदिर' अशी पाटी आहे. आरोग्याला मंदिर कशाला जोडलं हे पाटी रंगवणाऱ्यांना ठाऊक. आपल्याला आतली गोळी हवी, ती मागायला संकोच नको. तिथं समुदाय आरोग्य अधिकारी असतो, तीस वर्षांवरच्या प्रत्येकाची बी.पी. आणि शुगर तपासणं हे त्याचं काम आहे. फोनवरून मोठ्या डॉक्टरांचा सल्ला मिळवून देण्याची ई-संजीवनीची सोयही तिथं असते.

आणि पैसे? १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केसपेपर, तपासणी, उपचार सगळं निःशुल्क आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत. त्याला कुठलंही कार्ड लागत नाही, रेशनकार्डाचा रंग लागत नाही. (ससून वैद्यकीय शिक्षण विभागाकडे येतं, म्हणून तिथले नियम वेगळे आहेत, ही गल्लत पुष्कळांची होते.) म्हणजे जो 'कार्ड घेणारा फॅमिली डॉक्टर' आपण शोधत होतो, त्याचं काम करायला बांधील असलेला, पगार घेणारा डॉक्टर आपल्या गटात आहे. त्याच्याशी आपलं नातं जुळलेलं नाही, ही खरी अडचण आहे.

नातं का जुळत नाही, यात आपल्या लोकांना दोष देणं आम्हाला मान्य नाही. मजूर माणूस सहाला घरी येतो तेव्हा केंद्राची ओपीडी आटोपलेली असते आणि खासगी दवाखाना उघडा असतो. केंद्रावर गेलं तर साहेब मीटिंगला गेलेले, नाहीतर 'ही गोळी संपलीय, बाहेरून घ्या' अशी चिठ्ठी. नवे डॉक्टर करारावर येतात, ओळख होईपर्यंत बदली होते. पावसाळ्यात वेल्ह्याच्या खोऱ्यांतून बाहेर पडायचं म्हणजे वडापची वाट पाहत चिखलात उभं राहायचं. चेलाडी फाट्यापर्यंत पोचलं की मग माणूस म्हणतो, एवढं आलोच आहोत तर पुण्यालाच जाऊ. हे सगळं खरं आहे.

पण यातला एक डॉक्टर काय करू शकतो तेही आपल्या शेजारचंच उदाहरण सांगतं. भोरहून वरंधा घाट उतरलं की महाड. तिथल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात १९७६ मध्ये डॉ. हिंमतराव बावस्कर रुजू झाले. मराठवाड्यातल्या गरीब शेतकरी घरातला मुलगा. कोकणात विंचू चावून माणसं मरत होती आणि कुणाकडे उपाय नव्हता. त्यांनी रुग्णांच्या उशाशी रात्रीच्या रात्री बसून नोंदी केल्या, आणि प्राझोसिन या रक्तदाबाच्या साध्या गोळीनं विंचूदंशाचे रुग्ण वाचतात हे दाखवून दिलं. 'लॅन्सेट'सारख्या जगातल्या मोठ्या वैद्यकीय नियतकालिकानं ते छापलं. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. मोठ्या शहरातल्या मशिनरीनं हे झालं नाही. डॉक्टर एका जागी राहिला, त्याच लोकांना पुन्हा पुन्हा पाहत राहिला, म्हणून झालं. सरकारी केंद्र म्हणजे कामचलाऊ जागा, हे आपल्या मनात बसलेलं आहे ते जरा हललं पाहिजे.

इथं एक गोष्ट विशेष सांगायची आहे, कारण आपल्या वस्त्यांतली कितीतरी पोरं शिरवळ, खेड-शिवापूर भागातल्या कंपन्यांत ठेकेदाराकडे काम करतात. सरकारी विम्यावर चालणारा खराखुरा फॅमिली डॉक्टर एकाच ठिकाणी आहे, तो म्हणजे कामगार राज्य विमा, ज्याला आपण ई.एस.आय. म्हणतो. दहा किंवा जास्त कामगार असतील आणि पगार महिना एकवीस हजारांपर्यंत असेल तर ही योजना लागू होते. कामगाराच्या पगारातून ०.७५ टक्के कापतात, मालक ३.२५ टक्के भरतो. त्यात साध्या तापापासून मोठ्या ऑपरेशनपर्यंत सगळं येतं, ओपीडी येते, औषधं येतात, बायको-मुलं आणि अवलंबून असलेले आई-वडीलही येतात. आजारपणात घरी बसावं लागलं तर नियमात बसणाऱ्याला वर्षातून ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के मजुरी मिळते. महाराष्ट्रात या योजनेचे दवाखाने आहेत, आणि पॅनेल डॉक्टर म्हणजे ज्यांच्याकडे कामगारांची नावं नोंदवलेली असतात असे खासगी डॉक्टरही आहेत. त्यांना माणशी वर्षाचे ठरावीक पैसे सरकारकडून मिळतात.

हे मालकांच्या दयेनं आलेलं नाही. बाबासाहेब १९४२ ते १९४६ व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. त्याच काळात, १९४३ मध्ये, प्रा. अडारकर यांना कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना आखायला बसवलं गेलं आणि १९४४ मध्ये त्यांचा अहवाल आला. त्यातूनच पुढे १९४८ चा कायदा झाला. तरी आज परिस्थिती अशी की पगारचिठ्ठीवर ई.एस.आय.ची कपात दिसते, आणि त्याच पोराची आई खासगी दवाखान्यात रोख पैसे मोजते. कारण नोंदणी करताना ठेकेदाराच्या माणसानं आई-वडिलांची नावं घातलीच नाहीत, किंवा दवाखाना कंपनीजवळचा टाकला आणि घर राहिलं चाळीस किलोमीटरवर. ई-पहचान कार्ड काढून पाहा. त्यावर आपला दवाखाना किंवा पॅनेल डॉक्टर कोणता ते लिहिलेलं असतं. कुटुंबातली नावं वाढवता येतात, दवाखानाही बदलून घेता येतो. पगारातून कपात होते पण विमा क्रमांकच मिळाला नाही, असं असेल तर ते गंभीर आहे, ई.एस.आय.च्या शाखा कार्यालयात लेखी विचारा. एकट्यानं विचारलं तर ठेकेदार उद्यापासून येऊ नको म्हणेल, म्हणून चार-पाच जणांनी मिळून विचारा.

आता मोठ्या मागणीचं बोलतो. ई.एस.आय.मध्ये जे सत्तर वर्षांपूर्वी जमलं, ते शेतमजुराला, धुणी-भांडी करणाऱ्या बाईला, वीटभट्टीवरच्या जोडप्याला का जमू नये? ब्रिटनमध्ये १९४८ पासून प्रत्येक माणसाचं नाव घराजवळच्या डॉक्टरकडे नोंदवलेलं असतं, आणि आधी त्यालाच दाखवायचं, पैसे न देता. तो श्रीमंत देश म्हणून सोडून द्या. थायलंडनं २००१ मध्ये तीस बाहतची योजना आणली. तीस बाहत भरले की जिथं नाव नोंदलं आहे त्या स्थानिक केंद्रात उपचार, ओपीडीसकट. आपल्याकडेही १९४६ च्या भोर समितीनं सांगून ठेवलं होतं की पैसे नाहीत म्हणून कुणी उपचाराला मुकता कामा नये, आणि सगळ्याचा पाया गावपातळीवरचं आरोग्य केंद्र असला पाहिजे. (समितीचं नाव सर जोसेफ भोर यांच्यावरून. भोर गावाला अजून त्या अहवालाची वाटच पाहावी लागते आहे, हा योगायोग.) आमची मागणी अशी की पाच लाखांचे सात लाख करण्याआधी कार्डावर ओपीडी आणा. ते होईपर्यंत प्रत्येक कुटुंबाचं नाव त्याच्या प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरकडे नोंदवा, त्याची वही ठेवा आणि आठवड्यातून किमान दोन दिवस संध्याकाळी उशिरापर्यंत ओपीडी चालू ठेवा. मजुराची वेळ ती दवाखान्याची वेळ, यात अवघड काही नाही.

कार्ड मात्र सगळ्यांनी काढून ठेवा. ते भरती व्हायच्या वेळी धावपळ करत काढायची वस्तू नाही. आशाताई, रेशन दुकान, आपले सरकार केंद्र इथं आधारच्या आधारे निघतं, कुटुंबातल्या प्रत्येकाचं वेगळं. सत्तर वर्षं पूर्ण झालेल्यांचं वय वंदना कार्ड वेगळं असतं, त्याला उत्पन्नाची अट नाही. भरती सांगितली तर निघण्याआधी १५५३८८ किंवा १८००२३३२२०० या फुकटच्या क्रमांकावर विचारून घ्या, की हे रुग्णालय यादीत आहे का आणि हा उपचार तिथं होतो का. यादी बदलत असते, आणि काही उपचार फक्त सरकारी रुग्णालयांसाठी राखीव आहेत. पोचल्यावर आधी आरोग्यमित्राचं टेबल शोधा, मग बाकीचं. जीव धोक्यात असेल तर फोनवरून मंजुरी घेऊन उपचार सुरू करायची सोय आहे, कागद मागाहून देता येतात. योजनेत बसलेल्या उपचारासाठी रुग्णालयाला आपल्याकडून पैसे घेता येत नाहीत. घेतले तर पावती मागा, पावती देत नसतील तर तारीख, वेळ, रक्कम लिहून ठेवा आणि त्याच क्रमांकावर तक्रार नोंदवून तिचा नंबर घ्या. जिल्ह्याची तक्रार समिती जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली असते.

प्राथमिक केंद्राबद्दलची गाऱ्हाणी चहाच्या टपरीवर संपतात, ती कागदावर आली पाहिजेत. आरोग्यसेवांवर लोकाधारित देखरेखीचा प्रयोग महाराष्ट्रात २००७ मध्ये पाच जिल्ह्यांत सुरू झाला, त्यांत पुणे जिल्हा होता. गावकऱ्यांनी केंद्राला गुण द्यायचे आणि जनसुनवाईत अधिकाऱ्यांसमोर मांडायचे, अशी ती रीत. ती रीत आपण वस्तीत पुन्हा सुरू करू शकतो, त्याला कुणाच्या परवानगीची गरज नाही. विहारात पौर्णिमेला सगळे जमतात तेव्हा एक वही फिरवा: गेल्या महिन्यात केंद्रावर कोण गेलं, डॉक्टर भेटले का, कुठली गोळी बाहेरून आणावी लागली, कसं बोलले. नावं नको असतील तर नुसत्या तारखा. चांगलं काम झालं असेल तेही लिहा, नर्सबाईंनी रात्री बाळंतपण केलं असेल तर तेही. महिला मंडळांनी हे काम हातात घेतलं तर ते टिकेल, पुरुषांच्या वह्या तिसऱ्या महिन्याला हरवतात असा आमचा अनुभव आहे.

गावात ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती असते, केंद्राला रुग्ण कल्याण समिती असते. या समित्यांवर आपल्या वस्तीतलं कोण आहे हे ग्रामसेवकाला विचारा. कुणी नसेल तर नाव सुचवा, आणि ते नाव बाईचं असू द्या. ग्रामसभा २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरला असते. विषय आधी लेखी दिला तर तो पत्रिकेवर घ्यायला लावता येतो. अर्जात दोनच ओळी पुरेत: संध्याकाळची ओपीडी सुरू करावी, आणि बी.पी.-शुगरच्या गोळ्या महिन्याभराच्या एकदम उपकेंद्रावरच मिळाव्यात. दोन प्रती काढा, एक द्या, दुसरीवर तारखेसह शिक्का मारून पोच घ्या. पोच मिळालेल्या अर्जाची प्रत या पानाकडेही पाठवा, कुठल्या गावाला काय उत्तर आलं ते आम्ही छापू.